न ऐकलेला होकार

त्या दिवशी मी मुरुडच्या वाचनालयात कामावर होतो. फोन वाजला. हॅम्बुर्गहून भाईंची शेजारीण बोलत होती. भाई आगगाडीत बसले होते, स्टेशन आलं, ते उठले नाहीत, असं तिनं सांगितलं. मी फोन ठेवला, वाचनालयाचं दार ओढून घेतलं आणि आपांच्या घरी गेलो.

आपा म्हणजे भाईंची धाकटी बहीण. मुरुडला माडांच्या वाडीत त्यांचं घर, आणि घरालाच लागून पाहुण्यांसाठी काढलेल्या तीन खोल्या. त्या पडवीत तांदूळ निवडत होत्या. सूप मांडीवर तसंच ठेवून त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कुठल्या ठेसनाला?"

मला ते माहीत नव्हतं.

"विचारा मास्तर. तो कुठं उतरनार व्हता ते तरी ठाव पायजे."

दफन तिकडेच झालं. फुकट व्हिडिओ कॉलचं जे अॅप भाईंनी आयुष्यभर आपल्या फोनमध्ये घेतलं नाही, त्याच अॅपवर आम्ही त्यांची माती पाहिली. चित्र मध्येच अडकायचं. इथे मोबाइल धरून बसलेला आपांचा पुतण्या म्हणायचा, रेंज जाते. आपांनी एकदाच तोंड उघडलं. म्हणाल्या, "ह्यावर दाखवायला त्याला इचारलं व्हतं का कुनी?"

पुढचे काही दिवस माणसं येत राहिली. दुःख सगळ्यांनाच होतं, पण पडवीच्या पायऱ्या उतरताना जे बोललं जातं ते माझ्या कानावर यायचं. एवढी वर्षं युरोपात राहिला आणि इथे चार भिंती उभ्या केल्या न्हायत. मस्कत-दुबईला ड्रायव्हर म्हणून गेलेल्यांनी माडीवर माडी चढवली. डोकं होतं, पण फुकट गेलं.

हे मला मान्य नाही, म्हणून लिहायला बसलो आहे. मी सावकाश लिहितो, मला तसंच जमतं. वादविवाद मला कधी जमला नाही. पण पायऱ्या उतरताना बोललेल्या गोष्टीला कोणीतरी उत्तर द्यायला हवं.

भाई माझे घरमालक होते. मी मूळचा जवळच्या तळा गावचा. जुनी पुस्तकं आणि पोथ्या कशा टिकवायच्या याचं शिक्षण घ्यायला हॅम्बुर्गला जायचं ठरलं, तेव्हा राहायची सोय नव्हती. तळ्यातल्या माझ्या एका शिक्षकांची मुलं सुट्टीत आपांच्या खोल्यांत उतरायची. त्या ओळखीवर आपांनी फोन लावला. भाईंनी पलीकडून एवढंच विचारलं, "सुकटीच्या वासाचं त्याला काय वाटतं?"

मी पोचलो तेव्हा दार उघडून त्यांनी मला आत घेतलं नाही. हातात एक कागद दिला. भाडेकराराचा मराठी मसुदा, त्यांनी स्वतः लिहिलेला. पाठीवर बॅग, बाहेर गारठा, आणि मी जिन्यात उभा राहून मोठ्याने वाचतो आहे. प्रत्येक कलमापाशी ते मला थांबवायचे.

"रविवारी घरात सुकट भाजली जाईल. कबूल?"

"चालेल," मी म्हणालो.

"चालेल न्हाय. कबूल का न्हाय, ते बोल."

"कबूल."

"रस्त्यावर कोणी टाकून दिलेला संगणक दिसला तर भाडेकरू तो उचलायला मदत करील. कबूल?"

मला हसू आलं. ते हसले नाहीत. मी कबूल म्हणालो तेव्हा कुठे त्यांनी माझ्या पाठीवरची बॅग काढून घेतली आणि म्हणाले, "ये तळा, चहा पी."

माणसांना ते गावाच्या नावाने हाक मारायचे. मी तळा. शेजारची म्हातारी ल्युबेकची, म्हणून ती ल्युबेक. तीही मग त्यांना मुरुड म्हणायला लागली, आणि तिच्या तोंडून तो शब्द सुटा सुटा, जपून उतरायचा. गॅलरीत तारेवर बोंबील वाळत घातल्याबद्दल तिने त्यांच्याविरुद्ध एकदा तक्रार केली होती. भाई तक्रारीचा कागद घेऊन तिच्याच घरी गेले आणि वाचून दाखवायला लागले. तिसऱ्या ओळीवर ती हसली. पुढच्या खेपेला बोंबलांवर येणारे समुद्रपक्षी हाकलायचं काम तिच्याकडे होतं.

त्यांना हॅम्बुर्ग आवडायचं ते नदीमुळे. समुद्र तिथून लांब आहे, पण नदीला भरती-ओहोटी लागते. ओहोटीला चिखल उघडा पडला की ते काठावर उभं राहून नाक वर करायचे. "खाडीचा वास हाय बघ," म्हणायचे. मला तरी तो आला नाही.

घरभर संगणक होते. लोकांनी फेकून दिलेले. स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यांशेजारी एक, न्हाणीघराच्या फळीवर दोन. भाई ते उघडायचे, धूळ झटकायचे, आणि त्यात मुक्त सॉफ्टवेअर घालायचे. म्हणजे असं सॉफ्टवेअर, जे कोणालाही घेता येतं, उघडून आत बघता येतं, बदलता येतं. अट एकच. बदललेलं पुन्हा सगळ्यांसाठी उघडं ठेवायचं. जगभरातली माणसं नोकरी सांभाळून हे काम करतात, आणि भाई त्यांच्यातले एक होते. दुरुस्त झालेले संगणक ते नव्याने तिथे आलेल्या, भाषा न येणाऱ्या कुटुंबांना देऊन टाकायचे. देताना त्यांच्याकडूनही एकेक कलम वाचून घ्यायचे.

आधी ते एका बड्या कंपनीत होते. तिथल्या करारात एक कलम होतं, की नोकराने घरी बसून बनवलेलं सॉफ्टवेअरही कंपनीचं. भाईंनी पेनाने ते कलम खोडलं, बाजूला सही केली आणि कागद परत पाठवला. वरिष्ठांनी समजावलं, इथे सगळेच सही करतात, कोणी वाचत नाही. भाई म्हणाले, मी वाचलं. ती नोकरी गेली. मी गेलो तेव्हा ते बंदरातल्या एका गोदामाचे संगणक सांभाळत होते, आणि त्याबद्दल कधी हळहळताना मी त्यांना पाहिलं नाही.

खरं सांगायचं तर त्यांच्याबरोबर राहणं सोपं नव्हतं. संगणकावर किंवा फोनवर कुठेही "मला मान्य आहे" असं बटण आलं, की जगातला प्रत्येक माणूस ते दाबून पुढे जातो. भाई ते आधी वाचायचे. पूर्ण. मोठ्याने. नव्या केटलीच्या पुठ्ठ्यावरचंही. आणि पटलं नाही तर बोट मागे घेऊन म्हणायचे, "मना कबूल न्हाय." त्यामुळे आमच्या घरात नकाशा दाखवणारं अॅप नव्हतं, जेवण मागवणारं नव्हतं, मुरुडला फुकट बोलता येईल असंही नव्हतं. आपांशी ते साध्या फोनवर बोलायचे, आणि दोघंही वारा सुटलेल्या दोन होड्यांतून बोलावं तसं ओरडायचे.

प्रवास मात्र ते खूप करायचे. मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांची कुठे ना कुठे बैठक असायची, आणि भाई आगगाडीने निघायचे. पिशवीत पाव, उकडलेली अंडी आणि जवळ्याची चटणी. किल्ले, चर्च, राजवाडे त्यांनी पाहिले नाहीत. गावात उतरलं की तिथलं सार्वजनिक वाचनालय गाठायचे आणि पुस्तकं कुठलं सॉफ्टवेअर वापरून शोधता ते विचारायचे. मलाही न्यायचे, कारण वाचनालयात मी शोभून दिसतो असं त्यांचं म्हणणं.

प्राग स्टेशनवरची गोष्ट सांगतो. परतीच्या गाडीला थोडा वेळ होता. फलाट बदललाय का ते बघायला भाईंनी स्टेशनचं फुकटचं वायफाय उघडलं. अटींचं पान आलं. मी म्हणालो, भाई, राहू द्या, मी कोणाला तरी विचारून येतो. ते वाचायला लागले होते. मी विचारून आलो, फलाट बदलला होता, मी ओढलं, ते म्हणाले, थांब, दोन कलमं राहिलीत. आमच्या डोळ्यांसमोर गाडी गेली.

मी सहसा चिडत नाही. त्या दिवशी चिडलो. "एका वायफायसाठी, भाई? कोण विचारतं तुम्हाला तुम्ही वाचलंत का म्हणून?"

"तेच," ते म्हणाले. "विचारतायत ना ते? कबूल हाय का, असं विचारलंय. विचारलं की उत्तर द्यायचं असतं. आन उत्तर द्यायच्या आधी ऐकायचं असतं."

"हे कोणी ठरवलं?"

ते बाकावर बसले. पिशवीतून अंडं काढून मला दिलं, स्वतःसाठी काढलं नाही. समोरच्या रुळांकडे बघत त्यांनी जे सांगितलं ते मी तेव्हापासून कोणाला सांगितलेलं नाही. आता सांगतो, कारण ज्यांचं ते होतं त्यांनी स्वतःच ते उघड केलं आहे.

आपांचा निकाह. घर माणसांनी भरलेलं. नवरा मुलगा बाहेर मांडवात, आपा आतल्या खोलीत बायकांच्या गराड्यात. रिवाजाप्रमाणे मुलीच्या वतीने वकील म्हणून मामा आणि साक्षीला गवाह म्हणून दोघं जण आत जातात, मुलीला विचारतात, ती कबूल म्हणते, आणि गवाह बाहेर येऊन काजींना सांगतात की आम्ही ऐकलं. त्या दोघांतले एक भाई. तेव्हा ते कॉलेजात होते.

"मामूनं विचारलं. ती गप. पुन्हा विचारलं. गप. बायका हसायला लागल्या, शरमते, शरमते. तिसऱ्यांदा विचारलं, आन मागून कुनी तरी बोललं, झालं, व्हय बोलली. बाहेर जेवणं खोळंबलेली. मामू उठला. आम्ही बाहेर आलो. काजींनी मना विचारलं, ऐकलं का?"

भाईंनी पिशवीचं तोंड बांधलं.

"मी बोललो, ऐकलं."

"तुम्ही ऐकलं नव्हतं."

"ती कायच बोलली नव्हती, तळा. काजींनी नीट विचारलं. आमचा दीन, म्हंजी धर्म, सांगतो की तिला विचारा, तिचं ऐका. आमीच थांबलो न्हाय. रडत बी नव्हती ती. खाली बघत व्हती. कदाचित व्हयच बोलली असती. कदाचित न्हाय. ते मना आजपर्यंत ठाव न्हाय."

"आपांना कधी विचारलंत?"

"काय विचारू? आता विचारून काय करू?"

आपांच्या संसाराविषयी मी फार सांगणार नाही. नवरा कतारला, वर्षा-दोन वर्षांनी यायचा. वाईट माणूस नव्हता, असं त्या स्वतः म्हणतात. पुढे तो वारला आणि त्या माहेरच्या वाडीत परत आल्या. तीन खोल्या त्यांनी स्वतः उभ्या केल्या.

माझं शिक्षण संपलं. मुरुडच्या वाचनालयात जागा निघाली, ती मी घेतली. भाई दरवर्षी रजेवर यायचे. एका रजेला त्यांच्या सामानात कपडे कमी आणि एक मायक्रोफोन होता. आपांच्या डोळ्यांना साखरेमुळे धूसर दिसायला लागलं होतं. वाचनालयातून नेलेली पुस्तकं त्या न वाचता परत करायच्या आणि आवडलं म्हणून सांगायच्या. भाईंनी ते ओळखलं. त्यांनी ठरवलं, मराठी मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर करायचं, आणि त्याला आवाज द्यायचा आपांचा.

"माजाच आवाज मी ऐकत बसू?" आपा म्हणाल्या. "कंटाळा येल मना. एखाद्या बातम्या देनारीचा घे."

"तिला कोण विचारनार? तुला विचारता येतं. देशील का?"

"आन न्हाय बोलली तर?"

"तर मायक्रोफोन परत नेतो."

आपांनी मायक्रोफोन हातात घेऊन चाचपला. मग म्हणाल्या, "देते. पन मधी चूल बघायला उठीन."

शेवटच्या खोलीत भिंतींना गाद्या लावल्या. पंखा बंद. आपा आत, भाई आत, मी दाराशी, कारण वाक्यांचे कागद मला लिहायला लावले होते. मराठीतला प्रत्येक आवाज सगळ्या बाजूंनी यावा म्हणून ती वाक्यं मुद्दाम जुळवलेली. आपांनी दिवसभर घामाघूम होऊन वाचायचं, "झाडाखाली ढोलकी घेऊन ठकूबाई झोपली." कागदावर अक्षर मी बोटाएवढं मोठं काढायचो.

"कोन ही ठकूबाय?" त्या विचारायच्या. "कामधंदा न्हाय का तिला?"

"आपा, तेवढंच वाचा."

कावळा ओरडला की थांबायचं. म्हसळ्याच्या एसटीने वळणावर हॉर्न दिला की थांबायचं. माडावरून झाप पडलं की पहिल्यापासून. अजान झाली की दोघंही उठायची आणि मी गाद्या सरळ करायचो. तीन रजा हे चाललं. अखेरच्या दिवसांत भाईंनी त्यांना नुसतं "व्हय" आणि "न्हाय" म्हणायला लावलं. हळू, जोरात, रागाने, हसून.

"न्हाय एवढ्या येळा कशाला?" आपांनी विचारलं.

"लागतंय," भाई म्हणाले. ते यंत्राकडे बघत होते.

सॉफ्टवेअर तयार झालं. भाईंनी ते नेहमीप्रमाणे सगळ्यांसाठी उघडं ठेवलं. कुठल्या कुठल्या गावांतून अंध मुलांच्या शिक्षकांची पत्रं यायला लागली. आणि पुण्याच्या एका कंपनीचंही आलं. त्यांना तो आवाज हवा होता, केवळ स्वतःसाठी. उघडं ठेवलेलं बंद करायचं, पुढे तो आवाज कुठेही, कशासाठीही वापरायचा हक्क फक्त त्यांचा. भाईंनी पत्र पूर्ण वाचलं आणि उत्तर दिलं. उत्तर काय असेल ते सांगायला नको.

भाई गेले आणि महिनाभराने त्या कंपनीची दोन माणसं मुरुडला आली. आता वारस आपा होत्या. आणि आवाजही त्यांचाच.

माणसं वाईट नव्हती. एक मुलगा, एक मुलगी, दोघंही तिशीतली, दोघांनीही बूट पायरीखाली काढले. आपांनी कोकमाचं सरबत दिलं. मुलाने पिशवीतून टॅब्लेट काढला. "आजी, सगळं मराठीत करून आणलंय. तुम्ही फक्त इथे बोट ठेवायचं."

"आजी नको बोलू. आपा बोल. आन आधी वाचून दाखव."

"थोडक्यात सांगतो ना, आपा."

"थोडक्यात नको."

मुलगा माझ्याकडे बघायला लागला. मी आत जाऊन भाईंनी बहिणीसाठी ठेवलेला संगणक आणला, करार त्यात घेतला आणि सुरू केला. पडवीत आपांचाच आवाज घुमला. "सदर करारान्वये..." समोर आपा बसून ऐकत होत्या. दोन आपा, एक बोलणारी, एक गप्प. मुलीने सरबताचा पेला खाली ठेवला.

करार लांबलचक होता. वाडीत नारळ उतरवणारा माणूस येऊन गेला. एका पाहुण्याने गरम पाणी मागितलं, ते मी दिलं. मध्ये जेवणं झाली, सुरमईचं कालवण त्या दोघांनीही मागून घेतलं, आणि जेवणानंतर आवाज पुन्हा पुढे वाचायला लागला. "सदर आवाजात कोणताही मजकूर, कोणत्याही प्रयोजनासाठी, कायमस्वरूपी..."

"थांबवा," आपा म्हणाल्या.

मी थांबवलं.

"म्हंजी मी मेल्यावर बी मी बोलत ऱ्हानार. आन काय बोलायचं ते तुमी ठरवनार?"

"तसं नाही आपा," मुलगी म्हणाली, "लाखो लोकांपर्यंत तुमचा आवाज पोचेल. भाईंचं नाव राहील."

"पोचू दे की. भाईनं उघडाच ठेवलाय, न्या. कुलूप नका लावू."

"आपा, कंपनीला असं नाही चालत. आणि एवढ्या लांबून आलोय. एकदा विचार करा, आम्ही पुन्हा..."

आपा उठून उभ्या राहिल्या. त्यांना समोरचे चेहरे धड दिसत नव्हते, पण त्यांनी ओढणी सारखी केली आणि एकेकाकडे तोंड वळवलं.

"माज्या निकाहाला मना तीन येळा इचारलं. मी बोलली न्हाय. कुनी तरी बोललं, व्हय बोलली, आन माजा भाव बाहेर जाऊन बोलला, ऐकलं. मना ठाव व्हतं. दाराआडून मी त्याचा आवाज ऐकला व्हता. तो जन्मभर मना सांगायला आला आन सरबत पिऊन गेला. म्हनून ह्या येळेला नीट ऐका. न्हाय. मना कबूल न्हाय."

मग त्या माझ्याकडे वळल्या. "मास्तर, तुमी ऐकलं?"

"ऐकलं," मी म्हणालो.

"त्या पोरीला बी इचारा."

मुलगी म्हणाली, "ऐकलं, आपा." मुलाने टॅब्लेट पिशवीत घातला. जाताना दोघांनी सुकटीचं एकेक पुडकं नेलं. आपांनी दिलं होतं.

भाईंचं डोकं फुकट गेलं असं ज्यांना वाटतं, त्यांनी गुरुवारी दुपारी वाचनालयात यावं. आपा त्या दिवशी येतात, खिडकीजवळच्या खुर्चीत बसतात आणि स्वतःच्या आवाजात एखादं पुस्तक ऐकतात. मध्येच म्हणतात, इथं जरा घाई केली मी.

भाई कुठे उतरणार होते ते मी ल्युबेकला विचारून घेतलं आणि आपांना सांगितलं. ब्रेमेन. हॅम्बुर्गच्या घरात आता दुसरे लोक राहतात. सगळे संगणक ल्युबेकने वाटून टाकले. इथे एक संगणक आहे, एक आवाज आहे, आणि तो सगळ्यांसाठी उघडा आहे.